चाकाला चिमटा घेणारा माणूस : फ्रेडरिक लँचेस्टर

कसारा घाट उतरून आलेल्या मालट्रकच्या मागून ज्याने उन्हाळ्यात एकदा तरी प्रवास केला आहे, त्याला तो वास ठाऊक असतो. जळलेल्या रबराचा म्हणावा तर तसा नाही आणि तापलेल्या लोखंडाचा म्हणावा तर तसाही नाही. घाटाच्या पायथ्याशी ट्रक रस्त्याच्या कडेला उभा असतो, चाकांतून धूर निघत असतो आणि ड्रायव्हर व क्लीनर चाके निवण्याची वाट पाहत बसलेले असतात. वाशिंद, आसनगाव, शहापूर, खर्डी या पट्ट्यात वाढलेल्यांना या दृश्याचे नवल वाटत नाही. ब्रेक तापले, एवढेच आपण म्हणतो आणि पुढे जातो.

उतार आणि थांबणे हा आपल्या भागाचा जुनाच प्रश्न आहे. १ ऑक्टोबर १८५५ रोजी कल्याणहून पुढे आगगाडी वाशिंदपर्यंत येऊन पोहोचली आणि त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ वाशिंद हेच या बाजूचे अखेरचे स्टेशन होते. पुढे घाट उभा होता. १ जानेवारी १८६५ रोजी कसारा ते इगतपुरी हा घाटमार्ग सुरू झाला तेव्हा त्याचा चढ ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र होता. खाली येणारी गाडी ब्रेक निकामी होऊन सुटलीच तर तिला चढावर घेऊन अडविण्यासाठी वेगळ्या लाइनी टाकाव्या लागल्या. वर चढविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक डोके खाली सुखरूप आणण्यासाठी लढवावे लागले.

रस्त्यावरच्या मोटारीच्या बाबतीत हेच डोके ज्याने सर्वांच्या आधी लढविले, त्या फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर या इंग्रज यंत्रविशारदाचे हे चरित्र आहे. कलाशाखेच्या वार्षिकात यंत्राविषयीचा लेख कशाला, असे एखादे प्राध्यापक विचारतील. त्यांना एवढेच सांगणे आहे की हा लेख यंत्राविषयी थोडा आणि माणसाविषयी अधिक आहे. शिवाय या माणसाने कविताही केल्या होत्या, आणि एका ग्रीक शब्दाच्या बाबतीत झालेली त्याची फजिती भाषेच्या विद्यार्थ्यांनी तरी अवश्य वाचावी अशी आहे.

फ्रेडरिकचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमधील लुइशम येथे झाला. वडील हेन्री जोन्स लँचेस्टर हे वास्तुशिल्पी होते. आई ऑक्टेव्हिया ही लॅटिन व गणित शिकविणारी बाई. त्या काळच्या मानाने ही गोष्ट साधी नव्हे. आठ भावंडांत फ्रेडरिक चौथा. तो लहान असतानाच कुटुंब ब्रायटनजवळच्या होव्ह या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. पुढे साउदॅम्प्टनच्या हार्टली इन्स्टिट्यूटमध्ये व शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील विज्ञानशाळेत त्याचे शिक्षण झाले. पदवी मात्र त्याने घेतली नाही. शिकविले जात होते त्यापेक्षा वेगळेच काही त्याच्या डोक्यात घोळत असावे असे दिसते.

या घरातील भावंडे एकाहून एक निराळी निघाली. थोरला भाऊ हेन्री व्हॉन हा वडिलांप्रमाणे वास्तुशिल्पी झाला आणि त्याचा आपल्या देशाशी निकटचा संबंध आला. नवी दिल्लीची जागा ठरत होती तेव्हा, १९१२ साली, सल्लागार म्हणून तो येथे आला होता, आणि जोधपूरचा उमेद भवन राजवाडा त्याच्याच आराखड्यावरून उभा राहिला. धाकटी बहीण एडिथ ही समाजवादी चळवळीत शिरली. आपल्या कामगारवर्गातील सहकाऱ्याबरोबर लग्न न करता संसार थाटण्याचा निश्चय तिने १८९५ साली जाहीर केला, तेव्हा वडील आणि भाऊ यांनी डॉक्टर आणून तिला वेडी ठरविले आणि जबरीने वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकले. डॉक्टरांनी वेडाचे कारण म्हणून अतिशिक्षणाकडे बोट दाखविले होते! चार दिवसांत तिची सुटका झाली, वृत्तपत्रांनी गहजब केला आणि तिने आपलाच निश्चय खरा करून दाखविला. चित्रपटांतून पुढे नावाजलेली एल्सा लँचेस्टर ही तिचीच मुलगी. या भावंडांना दुसऱ्याचे ऐकण्याची फारशी सवय नसावी, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

फ्रेडरिकने प्रथम पेटंटसाठी नकाशे काढून देण्याची नोकरी धरली. आठवड्याला ३ पौंड मिळत. १८८८ च्या अखेरीस तो बर्मिंगहॅमजवळ सॉल्टली येथील फॉरवर्ड गॅस एंजिन कंपनीत साहाय्यक व्यवस्थापक म्हणून रुजू झाला. कंपनीच्या करारात एक कलम होते, की नोकरीत असताना त्याने काही सुधारणा शोधून काढल्या तर त्यांवर मालकी कंपनीची. वीस वर्षांच्या या पोराने ते कलम खोडले आणि मग सही केली. लवकरच त्याने एंजिनाची गती नियंत्रित ठेवणारे एक साधन तयार केले आणि ज्या ज्या एंजिनाला ते बसे त्या प्रत्येकामागे त्याला १० शिलिंग मिळू लागले. आपल्याकडे नोकरी लागल्यावर करार वाचून पाहणारे किती निघतील हा प्रश्नच आहे. मात्र व्यवहारातील हे शहाणपण लँचेस्टर यांना आयुष्यभर पुरले नाही, हे पुढे दिसेलच.

१८९५ साली लँचेस्टर यांनी स्वतःची मोटार बांधावयास घेतली आणि १८९६ च्या प्रारंभी ती रस्त्यावर आली. इंग्लंडमध्ये तोवर मोटारी होत्या त्या फ्रेंच आणि जर्मन धाटणीच्या. म्हणजे घोडागाडीचे घोडे सोडून तिच्यात एंजिन बसविलेले, एवढाच प्रकार. लँचेस्टर यांची चारचाकी पेट्रोल गाडी ही पहिल्या स्क्रूपासून इंग्लंडात आखलेली आणि मोटार म्हणूनच कल्पिलेली होती. दुसऱ्या गाडीत त्यांनी दोन सिलिंडर समोरासमोर ठेवून दोन दांडे उलटसुलट फिरविले, जेणेकरून एकाचा हादरा दुसऱ्याने खाऊन टाकावा. १८९९ साली रिचमंडच्या प्रदर्शनात या गाडीला सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षाच्या शेवटी लँचेस्टर एंजिन कंपनीची स्थापना झाली. बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक भागात कारखाना निघाला. फ्रँक आणि जॉर्ज हे दोघे भाऊ सोबतीस होते. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला तंतोतंत बसला पाहिजे हा त्यांचा कटाक्ष होता. त्यासाठी मापे, ठसे, इतकेच काय पण स्क्रूचे आटेसुद्धा त्यांनी स्वतःचे ठरविले. आज ही गोष्ट आपण गृहीत धरतो. तेव्हा मिस्त्री कानस घेऊन प्रत्येक भाग जागच्या जागी घासून बसवीत असे.

त्यांच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला एक लेखकही होता. रुडयार्ड किपलिंगने १९०२ च्या सुमारास लँचेस्टर गाडी घेतली आणि ती वाटेत पुष्कळदा बंद पडली. तरीही पुढे काही वर्षे तो लँचेस्टरच वापरीत राहिला, यावरून गाडीत काहीतरी खास असले पाहिजे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. तेही वर्ष १९०२ च.

त्या काळच्या मोटारीला थांबविण्याची साधने पाहिली म्हणजे अंगावर काटा येतो. बहुधा फक्त मागच्या चाकांना ब्रेक असे, आणि तो म्हणजे चाकावर किंवा दांड्यावर आवळणारा एक पट्टा, नाहीतर बैलगाडीच्या चाकावर घासतो तसा एक ठोकळा. बाहेरून आवळलेल्या पट्ट्याला चिखल लागे, पाणी लागे आणि तो सुटे. याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनो याने बंद डब्यातला ब्रेक पुढे आणला. त्यालाच आपण ड्रम ब्रेक म्हणतो. चाकाबरोबर फिरणारा एक डबा, त्याच्या आत दोन अर्धगोल नाली, आणि पाय दाबला की नाली फाकून डब्याच्या आतल्या अंगाला घासतात.

लँचेस्टर यांनी याच्या अगदी उलट विचार केला. चाकाबरोबर फिरणारी धातूची एक पातळ चकती उघडीच ठेवावी आणि थांबावयाचे झाले म्हणजे तिच्या कडेला दोन्ही बाजूंनी जबड्याने चिमटा घ्यावा. बस, एवढेच. पेटंट घेतले आणि आपल्या गाड्यांना ते बसविलेही. आज जगातल्या प्रत्येक वेगवान मोटारीला, आणि आपल्या गावातल्या निम्म्याअधिक मोटारसायकलींच्या पुढच्या चाकाला जो डिस्क ब्रेक दिसतो, त्याचे मूळ हे आहे.

यात विशेष काय, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. गणिताला घाबरणाऱ्यांनी तेवढी चार वाक्ये गाळावीत. गाडी थांबते म्हणजे तिची गती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. १००० किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबविली की एवढी उष्णता निघते, की माठातले लिटरभर पाणी तिच्यावर सहज उकळावे. वेग दुप्पट केला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. आणि २० टन वजनाचा ट्रक घाटाचे सुमारे ३०० मीटर केवळ ब्रेकवर उतरवावयाचा म्हटला, तर जवळजवळ पावणेदोनशे लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता त्या चाकांनी सोसावयाची असते. ड्रायव्हर घाटात गाडी न्यूट्रलवर सोडू नये म्हणतात ते याचसाठी. एंजिनाने आपला वाटा उचलला नाही तर सगळा भार ब्रेकवर येतो.

ड्रमच्या बंद डब्यात ही उष्णता कोंडली जाते. त्याहून वाईट म्हणजे तापलेला डबा फुगतो, आणि फुगला की आतल्या नालीपासून दूर जातो. पाय अधिकाधिक खाली जातो आणि गाडी मात्र थांबत नाही. चकतीचे तसे नाही. ती उघड्या वाऱ्यावर फिरते, आणि तापून जाड झालीच तर चिमट्याच्या अधिक जवळ येते, दूर जात नाही. १९०२ साली हे सूत्र लँचेस्टर यांच्या हाती आलेले होते.

मग जगाने ते उचलून का धरले नाही? चिमट्याच्या तोंडाशी काय लावावयाचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. लँचेस्टर यांनी तांबे लावले, कारण त्या वेळी मिळणाऱ्या धातूंत तेच बरे होते. रस्ते म्हणजे धुळीचे व खडीचे. उघड्या चकतीवर धूळ बसे आणि त्या धुळीने तांबे हां हां म्हणता झिजून जाई. धातूवर धातू घासल्याने जो कर्कश आवाज निघे तो वेगळाच. रचना अचूक होती, पदार्थ नव्हता. ज्या गोष्टीला आज आपण ब्रेकचे पॅड म्हणतो, गॅरेजमध्ये ज्यासाठी पाचशे की दोन हजार यावर घासाघीस करतो, तो हाताएवढा तुकडा नसल्यामुळे एक थोर कल्पना पन्नास वर्षे पडून राहिली.

तो तुकडा दुसरीकडे तयार होत होता, आणि त्याची कथाही घाटातलीच आहे. डर्बीशर परगण्यातील डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा एक गृहस्थ होता. उतारावरून येणारे गाडीवान चाकाच्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचा तळ ठोकतात आणि त्याने गाडी अधिक चांगली धरते, हे त्याने पाहिले. त्यावरून १८९७ मध्ये त्याने ब्रेकला लावावयाच्या अस्तरांचे प्रयोग सुरू केले आणि पुढे दहा-अकरा वर्षांनी ॲस्बेस्टॉसच्या धाग्यांचे अस्तर काढले. ॲस्बेस्टॉस फुप्फुसाला घातक म्हणून आता ब्रेकमधून हद्दपार होत गेले आहे, परंतु उष्णता सोसणारे अस्तर म्हणून त्या काळी त्याला तोड नव्हती. फ्रूडच्या कंपनीचे नाव फेरोडो. आपल्याकडे घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो या नावाचा कारखाना कित्येक वर्षे होता; आपल्या लाइनीवरच्या जुन्या कामगारांना ते नाव आठवेल. ज्यांचे हात बुटाच्या तळाने पोळले त्या अनामिक गाडीवानांचा उल्लेख मात्र मोटारीच्या इतिहासात क्वचितच येतो.

लँचेस्टर यांच्या कंपनीचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. गाड्यांना मागणी होती, भांडवल नव्हते. १९०४ साली कंपनी दिवाळ्यात निघाली आणि लँचेस्टर मोटर कंपनी या नव्या नावाने पुन्हा उभी राहिली. संचालक आणि लँचेस्टर यांचे पटेना. त्यांना गाडी सर्वांगाने नवी हवी, संचालकांना गिऱ्हाइकाच्या सवयीची हवी. १९०९ साली ते कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीचे सल्लागार झाले आणि स्वतःच्या नावाच्या कारखान्याचे काम हळूहळू भाऊ जॉर्ज याच्याकडे गेले. डेमलरमध्ये त्यांनी एंजिनाचे हादरे शमविण्याच्या दोन युक्त्या काढल्या. त्यांतील उलट दिशांनी दुप्पट गतीने फिरणाऱ्या दोन दांड्यांची युक्ती आजही अनेक चार सिलिंडरच्या एंजिनांत वापरली जाते.

परंतु त्यांचे मन एका चाकात मावणारे नव्हते. पक्षी पंख न हलविता तरंगतो कसा, हा प्रश्न त्यांनी १८९० नंतरच्या काळातच हाती घेतला होता. पंखाभोवती हवा कशी वळते आणि पंखाच्या टोकांपाशी तिचे भोवरे कसे सुटतात, याविषयीचा विचार त्यांनी १८९४ साली बर्मिंगहॅमच्या एका विद्वत्सभेपुढे मांडला. १८९७ मध्ये तोच विस्ताराने लिहून लंडनला पाठविला तर तो परत आला. राइट बंधूंचे विमान उडावयास अजून सहा वर्षे होती! पुढे १९०७ व १९०८ साली या विषयावर त्यांचे दोन जाडजूड ग्रंथ निघाले. भाषा अवघड, संज्ञा स्वतःच्या, त्यामुळे वाचणारे थोडे. जर्मनीत गॉटिंगनच्या प्रांट्ल या पंडिताने त्याच दिशेने जाऊन सुबक गणित मांडले, आणि विमानाच्या पंखाचा सिद्धांत जगाला प्रांट्लमुळे कळला. हल्ली दोघांची नावे जोडीने घेतात.

ग्रीक शब्दाची गोष्ट येथलीच. हवेत तरंगणारे विमान कधी कधी हळूहळू वर-खाली अशा लाटेत जाते. या गतीला नाव हवे म्हणून लँचेस्टर यांनी ग्रीक धातूवरून फ्यूगॉइड असा शब्द बनविला. इंग्रजीत उडणे आणि पळून जाणे या दोन्ही क्रियांसाठी फ्लाइट हा एकच शब्द चालतो. त्यांनी कोशातून जो ग्रीक धातू उचलला तो पळून जाण्याचा होता, उडण्याचा नव्हे. आईने लॅटिन शिकविले, ग्रीक राहिले असावे. शब्द मात्र असा रूढ झाला की आजही वैमानिकी शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ती चूक पाठ करतो.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. लढाईत संख्येचे महत्त्व किती, याचे त्यांनी सूत्र मांडले. दूरवर मारा करणाऱ्या शस्त्रांच्या लढाईत सैन्याचे बळ संख्येच्या नव्हे, तर संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समान कुवतीच्या १००० माणसांपुढे शत्रूचे १००० जण ५०० व ५०० अशा दोन तुकड्यांनी, एकामागून एक आले, तर पहिल्या बाजूची सुमारे ७०० माणसे शिल्लक राहून दुसरी बाजू पूर्ण संपते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना शत्रूला तुकड्या-तुकड्यांनी गाठणाऱ्या आपल्या गनिमी काव्याची येथे आठवण व्हावी. वेगाचा वर्ग ब्रेकमध्ये, संख्येचा वर्ग रणांगणात. या माणसाला वर्गाचा छंदच होता की काय न कळे.

१९१९ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी डोरोथिया कूपर यांच्याशी विवाह केला. मूलबाळ झाले नाही. १९२२ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, १९२६ मध्ये वैमानिकी संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. चारशेच्या वर पेटंटे त्यांच्या नावावर होती. आवाज चांगला होता, गात असत; टोपणनावाने कविताही छापल्या. पैसा मात्र कोठेच टिकला नाही. १९२५ साली त्यांनी ध्वनिवर्धक व तत्सम वस्तू बनविण्यासाठी प्रयोगशाळा काढली, तीही चालली नाही. डेमलरचे काम सुटले. १९३१ साली लँचेस्टर मोटर कंपनी विकली गेली. त्यातच कंपवाताचा विकार जडला, हात थरथरू लागले, आणि पुढे दृष्टीही गेली. ज्यांच्या हाताने इतकी चित्रे काढली त्यांना रेघ ओढता येईना. बर्मिंगहॅमच्या मोझली भागातील घर हातचे जाण्याची वेळ आली तेव्हा इतरांच्या मदतीवर ते कसेबसे राहिले. वीस वर्षांचा असताना करारातले कलम खोडणारा माणूस सत्तरीत असा परावलंबी व्हावा, हे वाचताना मन खिन्न होते. १९४५ मध्ये जेम्स वॉट पदकाचा मोठा बहुमान त्यांना देण्यात आला. ८ मार्च १९४६ रोजी ते वारले.

त्यानंतर सातच वर्षांनी, जून १९५३ मध्ये, फ्रान्समधील ल मान्स येथे चोवीस तासांची प्रसिद्ध शर्यत झाली. तेथील सरळ रस्ता सुमारे सहा किलोमीटरचा. त्याच्या टोकाला पूर्ण वेगातली गाडी एकदम आवरून वळवावी लागते, आणि हे रात्रंदिवस, दर फेरीला. ड्रम ब्रेकच्या गाड्या थोड्या तासांत थकत, मग ड्रायव्हर आधीपासूनच वेग कमी करू लागे. कॉव्हेंट्रीच्या जॅग्वार कंपनीने त्या वर्षी आपल्या गाड्यांना डनलॉपचे डिस्क ब्रेक लावले होते. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार पहिली आली, तिची सरासरी ताशी १०५ मैलांहून अधिक होती, आणि तेथे शंभर मैलांची सरासरी ओलांडली जाण्याची ती पहिलीच वेळ. एंजिनाची ताकद होतीच, पण इतरांच्या कितीतरी नंतर ब्रेक दाबण्याची मुभा त्या गाडीला होती. दोन वर्षांनी फ्रान्सची सित्रोएन डीएस ही घरगुती गाडीही पुढच्या चाकांना चकत्या घेऊन बाजारात आली. आपल्याकडे अँबॅसिडर आणि पद्मिनी यांनी मात्र पुढे कित्येक वर्षे ड्रमवरच घाट उतरले.

हल्ली ठाण्या-पुण्याकडची हौशी मुले वेगवान गाड्या घेतात आणि वर्षातून एकदोनदा कोइमतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर नेऊन पळवितात. तीच गाडी सोमवारी ऑफिसला. अशा गाडीचे ब्रेक वाढवावयाचे म्हटले की पहिली नजर जाते ती मोठ्या, भोके पाडलेल्या चकतीवर आणि लाल रंगाच्या कॅलिपरवर, कारण ती चाकातून दिसतात. लँचेस्टर यांचे चरित्र वाचलेल्याची नजर आधी पॅडवर जाईल. ट्रॅकसाठी केलेला पॅड तापल्यावाचून नीट धरतच नाही. पावसाळ्यात सकाळी गाडी घराबाहेर काढली आणि पहिल्याच फाट्यावर गाय आडवी आली, तर तो महागडा पॅड साध्या पॅडपेक्षा वाईट ठरतो. उलट रस्त्यावरचा साधा पॅड ट्रॅकवर चार फेऱ्यांत धूर सोडू लागतो. दोन्हीकडे चालणारा पॅड मिळतो, तो दोन्हीकडे थोडी तडजोड करतो. किंवा ट्रॅकला जाताना पॅड बदलावे, परत आल्यावर पुन्हा बदलावे. हाच मार्ग मला अधिक बरा वाटतो.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे ब्रेक ऑइल. त्याला ऑइल म्हणतात खरे, पण ते तेल नव्हे, आणि ते हवेतली ओल शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. ओल धरली की हाच आकडा १४० वर येतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय सरळ फरशीला टेकतो. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ही ओल किती चटकन जात असेल याचा विचार करावा. जुने ऑइल बदलण्यास चकतीच्या किमतीचा लहानसा हिस्साही लागत नाही. नळ्या जुन्या झाल्या असतील तर त्या, आणि टायर. कारण ब्रेक चाकाला थांबवितो, गाडीला थांबवितो तो टायर. फक्त पुढच्या चकत्या मोठ्या केल्या तर पुढच्या व मागच्या चाकांतला तोलही बिघडतो. इतके सारे करून झाल्यावर, ट्रॅकवर चकती खरोखरच कमी पडते असे दिसले, तर आतून वारा खेळणारी मोठी चकती जरूर घ्यावी. तिला विरोध नाही.

जॅग्वारने १९६० साली डेमलर कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर लँचेस्टर हे नावही जॅग्वारकडे आले. म्हणजे ज्या कंपनीने चकतीवर शर्यत जिंकली, तिच्याच कपाटात चकतीच्या जनकाचे नाव जाऊन पडले. हा योगायोग कोणी जुळवून आणलेला नाही. २००८ साली टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. त्या व्यवहारात जी जुनी नावे मुंबईच्या बॉम्बे हाउसकडे आली त्यांत लँचेस्टर हेही एक होते. १९५६ नंतर त्या नावाची एकही गाडी निघालेली नाही.